उसिक-फ्युरी दुसरी लढत : २५ किलो हलका गडी ११६-११२ नं कसा जिंकला?

मंगळवार_पेठ

मंडळी, २१ डिसेंबर २०२४ ची रियाधची बॉक्सिंगची लढत पुन्हा एकदा नीट समजून घ्यायची आहे. ओलेक्सांद्र उसिकनं टायसन फ्युरीला सलग दुसऱ्यांदा हरवलं, तिन्ही पंचांनी ११६-११२ दिलं. फ्युरी काट्यावर २८१ पौंड, म्हणजे जवळपास १२७.५ किलो. उसिक २२६ पौंड, म्हणजे १०२.५ किलो. उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक, हाताच्या पल्ल्यात १८ सेंटिमीटरचा. तरी जास्त वेळ पुढं चालून जात होता तो हलका गडी.

माझे प्रश्न दोन. पहिल्या लढतीपेक्षा उसिकनं नेमकं काय वेगळं केलं? आणि लढत इतकी चुरशीची दिसत असताना तिन्ही कार्डांवर चार गुणांचा फरक कसा आला? आपल्या भागातल्या पोरांना दाखवण्यासारखं त्यात काय आहे, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. बहुतेक पोरं ६० ते ७५ किलोतली आहेत आणि समोर उंच गडी आला की मागं सरकतात.

बाहेरचा_पाय

उत्तर पायात आहे भावा, हातांकडं नंतर बघू.

उसिक साउथपॉ, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढं. फ्युरी बहुतेक वेळ डावा पाय पुढं ठेवून खेळतो. असे दोघे समोरासमोर आले की त्यांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेर पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. उसिकचा उजवा पाय फ्युरीच्या डाव्या पायाच्या बाहेर पडला की त्याचा डावा हात फ्युरीच्या हनुवटीच्या रेषेत येतो आणि फ्युरीचा उजवा हात त्याच्या डोक्यावरून बाहेर निघून जातो. दुसऱ्या लढतीत उसिक ही जागा सतत मागत होता. फ्युरीनं पाय सरकवला की हाही सरकायचा. ठोसा एकही न मारता गेलेले ते पाच-सहा सेकंद बघा, खरी झटापट तिथं चाललेली आहे.

दुसरी गोष्ट फ्युरीच्या बचावाची. एवढ्या उंचीचा माणूस कंबरेतून मागं झुकला की डोकं हातभर लांब जातं आणि समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हवेत राहतो. आयुष्यभर त्याला या सवयीनं वाचवलंय. पण मागं झुकताना डोकं जितकं सरकतं तितकी छाती सरकत नाही, आणि पोट तर जागेवरच असतं. म्हणून उसिकचा पहिला जॅब बऱ्याचदा डोक्याकडं नसतोच. तो छातीवर, पोटावर किंवा नुसता ग्लोव्हवर असतो. त्यानं जखम होत नाही. झुकलेल्या माणसाचं वजन मागच्या पायावर अडकतं आणि त्या पायावरून त्याला लगेच ठोसा मारता येत नाही, एवढं पुरे असतं. दुसरा जॅब अंतर कापतो, मागोमाग डावा सरळ जातो. फ्युरी झुकत झुकत दोरापाशी पोचला की मागं झुकायला जागाच उरत नाही. उसिकचं पुढं चालणं त्यासाठी होतं.

जॅब खाली मारण्याला आणखी एक कारण आहे. १९१ सेंटिमीटरच्या माणसानं २०६ सेंटिमीटरच्या माणसाच्या तोंडावर सतत जॅब टाकायचा म्हटलं की दर वेळी हात खांद्याच्या वर जातो. खांदा लवकर भरून येतो, आणि हात वर गेला की बगलेखालची बरगडी उघडी पडते. छातीवरचा जॅब सपाट जातो आणि तितक्याच वाटेनं परत येतो. बारा राउंड हात टिकवायचा तर हा हिशोब करावाच लागतो.

बावडेकर

पायांचं पटलं. पण ११६-११२ मला आजही जास्त वाटतं. पहिले पाच-सहा राउंड फ्युरीचा जॅब आणि पोटावरचे ठोसे चांगले लागत होते. त्यातले निदान तीन तरी त्याचेच. पुढच्या सहा-सातात त्याला एखाद-दुसराच मिळाला असं धरलं तरी ११५-११३ पाशी येतो आपण. तिन्ही पंच नेमक्या त्याच आकड्यावर यावेत इतका स्पष्ट फरक लढतीत नव्हता.

शिवाय खाली कोणी पडलं नाही, कुणाला मोजलं नाही. आपल्याकडं खासबागेत कुस्ती गुणांवर सुटली की निम्मं मैदान नाराज होऊन घरी जातं, तशीच ही लढत आहे. जिंकला हे मान्य, भारी पडला हे मान्य नाही.

आकडेमोड_राजारामपुरी

बावडेकर, ११६-११२ हा आकडा किती फरकानं जिंकला ते सांगतच नाही. किती राउंड जिंकले एवढंच सांगतो. आठ उसिकचे, चार फ्युरीचे. राउंड केसभर फरकानं जिंकला तरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९, आणि धुऊन काढलं पण समोरचा पडला नाही तरी बहुतेक वेळा १०-९च. चार अटीतटीचे राउंड एकाच बाजूला गेले की कार्ड रुंद दिसतं. उलट बाजूनं बघा. या आठातले फक्त दोन राउंड फिरले असते तर तेच कार्ड ११४-११४ झालं असतं. चुरशीची लढत आणि ११६-११२, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

ठोशांची मोजणी घ्या. कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीनुसार दुसऱ्या लढतीत उसिकनं ४२३ टाकले, १७९ लागले. फ्युरीनं ५०९ टाकले, १४४ लागले. राउंडमागे सरासरी काढली तर उसिकचे १५, फ्युरीचे १२. राउंडला सरासरी तीन ठोशांचा फरक आणि असे बारा राउंड, यातनं आठ-चार निघणं अजिबात विचित्र नाही. ही मोजणी रिंगजवळ बसलेली माणसंच बटणं दाबून करतात, त्यामुळं पाच-दहा इकडंतिकडं होणार. पण पस्तीसचा फरक चुकीनं येत नाही.

आता हेच पहिल्या लढतीशी लावून बघा. १८ मे २०२४ ला उसिकचे ४०७ पैकी १७०, फ्युरीचे ४९६ पैकी १५७. म्हणजे दोघांनी टाकलेल्या ठोशांची संख्या दोन्ही लढतींत जवळपास सारखी आहे. बदललं ते लागण्याचं प्रमाण. उसिकचं ४२ टक्क्यांच्या आसपास टिकलं, फ्युरीचं ३२ वरून २८ वर उतरलं. आता फ्युरी आळशी खेळला किंवा दमला असं म्हणणाऱ्यांनी मला सांगावं की दमलेला माणूस पहिल्यापेक्षा १३ ठोसे जास्त कसे टाकतो. तो मारत होता, पण लागत नव्हतं.

आणि कुणाला मोजलं नाही म्हणून भारी पडला नाही, हा मुद्दा तर मला उलटाच वाटतो. पहिल्या लढतीत नवव्या राउंडला फ्युरी दोरावर आदळला आणि रेफ्रीनं उभ्या उभ्या मोजलं. त्या मोजणीचा एक गुण जाऊन तो राउंड १०-८ झाला. कार्डं होती ११५-११२ आणि ११४-११३ उसिककडं, ११४-११३ फ्युरीकडं. ती मोजणी झाली नसती आणि राउंड साधा १०-९ राहिला असता, तर मधलं कार्ड ११४-११४ आणि लढत बरोबरीत. एका मोजणीवर आख्खा निकाल उभा होता. दुसऱ्या वेळी त्याला कसल्याच मोजणीची गरज पडली नाही. म्हणून दुसरा विजय जास्त पक्का.

बावडेकर

हिशोब बरोबर आहे, मी खोटं म्हणत नाही. पण पंच ठोसे मोजत बसत नाहीत. स्वच्छ लागलेला ठोसा, परिणाम करणारं आक्रमण, रिंगवरचा ताबा, बचाव, या चार गोष्टी बघतात. फ्युरीचे पोटावरचे ठोसे वजनाचे होते आणि ते टीव्हीच्या कोनातून नीट दिसत नाहीत. पंच तर अगदी खाली बसलेले असतात. त्यांनी ते धरले असतील का, ही माझी शंका आहे. अजून एक, उसिकचे कितीतरी जॅब नुसते टेकवलेले होते. १७९ मधल्या टेकवलेल्या जॅबला आणि फ्युरीच्या बरगडीवरच्या उजव्याला एकच किंमत कशी?

गंगावेशीचा_शेजारी

वजनाबद्दल कोणी नीट बोललं नाही. फ्युरी पहिल्या लढतीला २६२ पौंड होता, दुसऱ्याला २८१. कपड्यांनिशी काट्यावर उभा राहिला होता हे खरं, तरी कपड्याचे किती धराल? वाढ आहेच. बेत सरळ दिसतो. जवळ यायचं, अंगावर रेलायचं, मानेवर वजन टाकायचं आणि हलक्या गड्याचे पाय जड करायचे. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरवर हेच चाललं होतं. फेब्रुवारी २०२० च्या लढतीत २७३ पौंडांचा फ्युरी त्याच्यावर रेलून रेलून त्याला संपवू शकला.

उसिकवर ते का चाललं नाही हे कुस्ती खेळणाऱ्याला लगेच दिसेल. मानेवर वजन टाकायला समोरच्याचं डोकं खाली आणि पाय एका रेषेत लागतात. उसिक जवळ गेला की त्याचं कपाळ फ्युरीच्या छातीला किंवा खांद्याला टेकलेलं, कोपरं आतल्या बाजूनं, आणि पाय पुढंमागं अंतर ठेवून. वजन आलं की सरळ मागं ढकलायला जात नाही, बाजूला पाऊल टाकून फिरतो. वजन टाकणारा आपल्याच वजनानं पुढं झुकतो, तेवढ्यात हा बाहेर. १२७ किलोला थोपवायला कुणाची ताकद पुरणार? पण त्याच्या खालून बाजूला व्हायला पुरते.

आकडेवाल्या दादांनी दमला नाही म्हणून सांगितलं, तिथं माझं थोडं वेगळं आहे. वजनाचा दंड हाताला पडत नाही, पायाला पडतो. हात शेवटपर्यंत चालतात. पण दोरापासून बाजूला निघायला जी दोन झटपट पावलं लागतात ती उशिरा पडायला लागतात. मग ठोसा पडतो, पण चुकीच्या अंतरावरून. प्रमाण ३२ वरून २८ वर आलं म्हणता ना, त्यातला मोठा भाग मी यालाच देईन.

मंगळवार_पेठ

फार चांगली माहिती मिळतेय. बाहेरचा_पाय, तुम्ही म्हणता ते पोरांकडून करून घ्यायचं तर सुरुवात कशी करायची? आमच्याकडं पॅड आहेत, दोन बॅगा आहेत, छातीला बांधायचं कवच नाही. जागा पूर्ण रिंगएवढी नाही.

बाहेरचा_पाय

रिंग नसली तरी चालेल. साडेतीन-चार मीटरचा चौकोन पुरे, उलट छोट्या जागेत पाय लवकर सुधारतात.

आधी ठोसे बंद. जोडीदार डावा पाय पुढं टाकून उभा, त्याच्या डाव्या पावलाभोवती जमिनीवर रंगीत चिकटपट्टीनं चौकोन काढा. साउथपॉ उभ्या राहणाऱ्या पोरानं उजवा पाय त्या चौकोनाच्या बाहेर, करंगळीच्या बाजूला १५ ते २० सेंटिमीटरवर टाकायचा आणि मागचा डावा पाय तेवढाच सरकवून आणायचा. सगळे घोळ मागच्या पायाचे असतात. पुढचा पाय टाकला आणि मागचा राहिला की पवित्रा ताणला जातो, मग डावा हात पोचत नाही. मागचा पाय पुढच्याच्या पाठीमागं एका रेषेत आला की तोल जातो, हलकासा धक्काही पाडतो. आणि ३० सेंटिमीटरच्या पुढं पाऊल टाकलं की आपण इतके बाहेर जातो की आपलाच हात समोरच्यापर्यंत जात नाही. दोन मिनिटांचे तीन राउंड एवढंच करा, जोडीदारानं मध्ये मध्ये पाय हलवायचा.

मग जॅब जोडा. कवच नसेल तर पॅड धरणाऱ्यानं एक पॅड आपल्या छातीच्या हाडावर आडवा घट्ट टेकवून धरायचा, पुढं हातात लांबवलेला नको. पॅड पुढं आला की पोरं खोट्या अंतरावर मारायला शिकतात. पाऊल जमिनीला लागायला आणि जॅब पॅडला लागायला एकच क्षण हवा. पाऊल आधी पडलं तर समोरच्याला कळतं आणि त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, तयारच असतो. खाली मारताना गुडघ्यात बसायचं, कंबरेत वाकायचं नाही. कंबरेत वाकलं की तोंड खाली येतं आणि उजवा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, थेट लागतो. फ्युरीनं पहिल्या लढतीत उसिकला हाच अपरकट मारून मधले राउंड घेतले होते.

दुहेरी जॅबमध्ये पहिला अर्ध्या हाताचा, दुसरा पूर्ण. मागचा पाय या दोन जॅबच्या मध्ये आत आला पाहिजे. पोरं दोन्ही जॅब जागेवरून मारतात आणि मग डावा मारायला झेपावतात, तिथंच पडतात. डावा सरळ मारला की थांबायचं नाही, आपल्या उजवीकडं बाहेर पडायचं, म्हणजे समोरच्याच्या उजव्या हातापासून लांब. मात्र त्या बाजूला त्याचा डावा हुक असतो. त्यामुळं जॅब मारून आलेला उजवा ग्लोव्ह परत कानशिलाला लागलाच पाहिजे. हे एक विसरलं तर बाकी सगळं शिकवलेलं वाया.

शेवटी १६ औंसाचे ग्लोव्ह घालून फक्त जॅबचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. एकाला फक्त छातीवर आणि पोटावर मारायची मुभा, दुसऱ्याला कुठंही. यात अंतराची जाण येते, आणि रोज केलं तरी डोक्याला मार कमी बसतो.

गंगावेशीचा_शेजारी

एक भर घालतो. आपल्याकडं बरीच पोरं तालमीतून बॉक्सिंगकडं येतात. उजव्या हाताचा मल्ल बहुतेक वेळा उजवा पाय पुढं टाकून उभा राहतो, अंगवळणीच पडलेलं असतं ते. बॉक्सिंगमध्ये आल्याबरोबर मास्तर त्याचा पाय बदलतात. माझं मत, आधी महिनाभर त्याला तसंच साउथपॉ उभं राहू द्या आणि बघा. पुढचा जॅबचा हात त्याचा ताकदीचा निघतो आणि पाय पक्के असतात. दोन गोष्टी मात्र मोडाव्या लागतात. तालमीतला पवित्रा फार रुंद आणि खाली असतो, पाय खांद्याच्या रुंदीपेक्षा थोडेच जास्त ठेवायला शिकवा. आणि हात पुढं उघडे धरायची सवय जायला वेळ लागतो, हनुवटी उघडी राहते.

मिठीत काय करायचं ते त्याला येतंच, पण नियम सांगून ठेवा. धरून ठेवणं, मान दाबणं, ढकलणं हे सगळं फाउल आहे. हौशी स्पर्धेत रेफ्रीनं अधिकृत ताकीद दिली की गुण जातो. कपाळ छातीला, कोपरं आत, बाजूला पाऊल, एवढ्यावरच थांबायचं.

आकडेमोड_राजारामपुरी

पोरांना दाखवण्याआधी एक फरक ध्यानात घ्या. उसिकची लढत १२ राउंडांची, ३६ मिनिटांची. छातीवरच्या जॅबचं व्याज त्याला सातव्या-आठव्या राउंडला मिळतं. आपल्या पोरांची लढत तीन राउंडांची, नऊ मिनिटांची. पहिला राउंड नुसता अंदाज घेण्यात घालवला तर एक तृतीयांश लढत गेली आणि बहुतेक पंचांच्या कार्डावर तुम्ही मागं. म्हणून बाहेरचा पाय घ्या, दुहेरी जॅब घ्या, पण पहिल्या अर्ध्या मिनिटापासून डावा हात डोक्याकडं गेलाच पाहिजे. सावकाश झिजवणं हा बेत नऊ मिनिटांत बसत नाही.

उसिक स्वतःही दर वेळी सावकाश खेळत नाही, हेही दाखवा. ऑगस्ट २०२२ ला जेद्दात ब्रिटनच्या अँथनी जोशुआविरुद्धची दुसरी लढत घ्या. जोशुआनं पोटावर मारून त्याला नवव्या राउंडला अडचणीत आणलं आणि दहाव्याला उसिकनं एकदम वेग वाढवून राउंड हिसकावला. तरी एका पंचानं ११५-११३ जोशुआला दिलंच. आणि १९ जुलै २०२५ ला वेम्बलीत ब्रिटनच्याच डॅनियल दुबॉईशी दुसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा पाचव्या राउंडलाच लढत संपवली, दोनदा खाली पाडून. तिन्ही परतीच्या लढती एकापाठोपाठ एक बघितल्या की प्रत्येक गड्याला त्यानं वेगळं काय दिलं ते दिसतं.

बावडेकर

जोशुआचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे दादा. पोटावर मारलं की उसिक थांबतो, हे जोशुआनं दाखवलं. फ्युरीनं तिथं एक-एक सुटा ठोसा मारला. मागोमाग डावा हुक वर आणला असता आणि आपला डावा पाय उसिकच्या उजव्या पायाच्या बाहेर धरून ठेवला असता, तर त्या आठातले दोन राउंड नक्की फिरले असते. मंगळवार_पेठ, पोरांना दोन्ही बाजू शिकवा. साउथपॉ समोर आला की बाहेरच्या पायासाठी भांडायचं, आणि जागा नाहीच मिळाली तर उजवा सरळ पोटावर, डोक्याकडं नाही. वाट त्यालाही उघडी असते आणि आपल्यालाही. आधी कोण मारतो त्यावर ठरतं.

बाहेरचा_पाय

हे शंभर टक्के बरोबर. बाहेरचा पाय मिळाला म्हणून काम झालं असं पोरांना वाटू देऊ नका. पाय बाहेर टाकताना डोकं जुन्या रेषेतच राहिलं तर समोरच्याचा उजवा सरळ तिथंच येऊन बसतो. पाऊल, डोकं आणि जॅब, तिन्ही एकत्र हलले पाहिजेत. चिकटपट्टीच्या सरावात जोडीदाराला दर चार-पाच पावलांमागं एकदा, न सांगता, उजवा हात हळूच पुढं करायला सांगा. तो हात कपाळाला लागला की डोकं हललं नव्हतं, तेवढं पाऊल पुन्हा करायचं.